गया ते सारनाथ : तथागतांच्या वाटेवरचे दहा दिवस

बुद्धांच्या आयुष्यातल्या जागा जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंत क्रमाने बघायच्या ठरवल्या, तर नकाशा आडवा येतो. जन्म नेपाळात, बोधी दक्षिण बिहारात, पहिलं प्रवचन काशीजवळ आणि शेवट गोरखपूरच्या पलीकडे. या क्रमाने गेलं तर निम्मा वेळ गाडीत जातो. महापरिनिब्बान सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या शेवटच्या दिवसांच्या हकीकतीत, बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला श्रद्धावंतांनी पाहाव्यात अशा चार जागा सांगितल्या आहेत: लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर. कुठली आधी नि कुठली नंतर, याचा आग्रह तिथे नाही. म्हणून इथे दिलेला मार्ग गयेहून सुरू होतो, राजगीर ते कुशीनगर बुद्धांच्या शेवटच्या चारिकेची, म्हणजे पायी प्रवासाची, वाट धरतो, लुंबिनी-श्रावस्ती करून सारनाथला संपतो. पहिलं प्रवचन शेवटी ठेवण्याला कारण आहे. चार आर्यसत्यं सगळ्यांना पाठ असतात, पण बाकीच्या जागा बघून झाल्यावर ती वेगळी ऐकू येतात.

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर आणि मग फेब्रुवारी हा काळ उत्तम. डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर गंगेच्या मैदानात दाट धुकं असतं. गाड्या पाच-सहा तास उशिरा धावतात आणि सकाळी दहापर्यंत रस्त्यावर वेग धरता येत नाही. त्याच महिन्यांत बोधगयेत तिबेटी परंपरेचे मोठे प्रार्थना-मेळे भरतात आणि खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात. निघण्याचा वार मंगळ, बुध, गुरू नको. बोधगया, नालंदा आणि सारनाथ या तिन्ही ठिकाणची पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात, आणि या वारांनी सुरुवात केली की त्यातलं एक नेमकं शुक्रवारी येतं.

पहिला दिवस : गया, बोधगया

मुंबईहून प्रयागराजमार्गे जाणारी हावडा मेल गयेवरून जाते, नागपूरमार्गे जाणारी नव्हे. कोल्हापूरहून धनबादला जाणारी साप्ताहिक दीक्षाभूमी एक्स्प्रेसही गयेला थांबते, पण तिचं आरक्षण लवकर भरतं. गया स्टेशन ते बोधगया साधारण तेरा किलोमीटर. बहुतेक देशांचे विहार यात्रेकरूंना खोल्या देतात. दर दानाच्या स्वरूपात असतो, पण आधी कळवून ठेवलेलं नसेल तर हंगामात जागा मिळत नाही.

महाबोधी महाविहार पहाटे पाचला उघडतो आणि रात्री नऊला बंद होतो. 2013 च्या स्फोटांनंतर मोबाइल आत नेता येत नाही. बाहेरच्या काउंटरवर ठेवून टोकन घ्यावं लागतं. संध्याकाळी या रांगेत अर्धा-पाऊण तास जातो, म्हणून मोबाइल खोलीवरच ठेवलेला बरा. आत अनवाणी चालायचं असतं. मार्चनंतर दुपारी फरशी इतकी तापते की जाड मोजे लागतात.

विहार भोवतालच्या जमिनीपेक्षा बराच खाली आहे, त्यामुळे पायऱ्या उतरताना 55 मीटर उंचीचं शिखर एकदम समोर येतं. मागे पश्चिमेला बोधिवृक्ष आणि त्याखाली वज्रासन. आजचा पिंपळ मूळ झाड नव्हे. जुनं झाड 1876 मध्ये वादळात पडलं, त्यानंतर पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमच्या देखरेखीखाली नवं रोप लावलं गेलं. फांद्या लोखंडी टेकूंवर तोललेल्या आहेत. पान तोडायला मनाई आहे. खाली पडलेलं उचलावं. बाहेर पानं विकणारी मुलं मागे लागतात, त्यांच्याकडून घेण्याची गरज नाही.

बरेच जण वृक्षाला नमस्कार करून वीस मिनिटांत बाहेर पडतात आणि आवारातल्या सात आठवड्यांच्या जागा राहून जातात. बोधीनंतर बुद्ध सात आठवडे याच परिसरात राहिले, अशी परंपरा आहे. पहिला आठवडा वृक्षाखाली. दुसरा ईशान्येच्या उंचवट्यावर, अनिमेषलोचन चैत्याच्या जागी, वृक्षाकडे एकटक बघत. तिसरा विहाराच्या उत्तरेला चंक्रमण करत, म्हणजे ध्यानपूर्वक येरझारा घालत. तिथे दगडी चौथऱ्यावर पावलांच्या जागी कमळं कोरली आहेत. चौथा रत्नघरात. पाचवा अजपाल वटाखाली; त्याची खूण पूर्वेच्या पायऱ्यांपाशी खांबावर आहे. सहावा मुचलिंद नागाच्या तळ्याकाठी, सातवा राजायतन वृक्षाखाली. शेवटच्या जागी तपस्सु आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी बुद्धांना सत्तू आणि मध दिला आणि ते पहिले उपासक झाले. तेव्हा संघ नव्हता, म्हणून त्यांनी बुद्ध आणि धम्म अशी दोनच शरणं घेतली. सातही फलक क्रमाने वाचत गेलं तर दीड तास पुरतो.

विहाराच्या व्यवस्थापनाचा प्रश्न अनागारिक धम्मपाल 1891 मध्ये इथे आले तेव्हापासूनचा आहे. 1949 च्या कायद्याने नेमलेल्या समितीत बौद्ध आणि हिंदू सदस्य निम्मे-निम्मे असतात. ती पूर्णपणे बौद्धांकडे यावी या मागणीचे फलक बाहेर दिसतील, आणि त्यात मराठी आवाज मोठा आहे.

दुसरा दिवस : डुंगेश्वरी, सुजाता स्तूप, पुन्हा वृक्षाखाली

सकाळी सातच्या आत डुंगेश्वरीच्या टेकडीकडे निघावं. अंतर दहा-बारा किलोमीटर, शेवटची चढण पायी. सहा वर्षांच्या देहदंडनाची जागा म्हणून ही गुहा दाखवतात. आत हाडाची काडं झालेल्या सिद्धार्थाची मूर्ती आहे. गुहेत चार-पाच माणसंच मावतात आणि तुपाच्या दिव्यांनी गुदमरायला होतं, त्यामुळे दमा असलेल्यांनी बाहेरच बसावं.

परतताना निरंजना नदी. तिला इथे लीलाजन म्हणतात, आणि पावसाळा सोडला तर ती म्हणजे नुसती रेती. पलीकडे बकरौर गावात सुजाता स्तूप आहे, विटांचा भक्कम घुमट. सुजातेने दिलेली खीर खाल्ल्यावर तपस्येतले पाचही सोबती सिद्धार्थाला सोडून गेले; तपस्या मोडली असं त्यांना वाटलं. मज्झिम निकायातल्या महासच्चक सुत्तात हा बदल बुद्धांच्याच तोंडी आहे. उपाशी, खंगलेल्या शरीराने ध्यानाचं सुख मिळणं सोपं नाही, म्हणून मी अन्न घेतलं, इतकं साधं कारण ते देतात. सारनाथला ज्याला मध्यम मार्ग हे नाव मिळालं तो आधी इथे, एका वाटीत, प्रत्यक्ष घडला.

दुपारनंतर पुन्हा महाविहारात जावं आणि प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे दुःख कशातून उपजतं याची कारणसाखळी, वाचावा. बारा कड्या अशा: अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप, षडायतन, स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान, भव, जाती, जरामरण. उदान ग्रंथाच्या सुरुवातीला बुद्ध रात्रीच्या पहिल्या प्रहरात ही साखळी सरळ, दुसऱ्यात उलट आणि तिसऱ्यात दोन्ही बाजूंनी तपासतात. वाचताना नेहमी घोटाळा होतो तो असा, की ही जगाच्या उत्पत्तीची कथा समजली जाते. ‘हे असेल तर ते होतं, हे थांबलं की ते थांबतं’ इतकाच तिचा नियम आहे. साधकाच्या हाती येणारा सांधा वेदना आणि तृष्णा यांच्यामधला. डोळ्याला रूप दिसणार, सुखद वा दुःखद संवेदना होणार, तिथे इलाज नाही. पण संवेदनेतून ‘हवं’ किंवा ‘नको’ उठलंच पाहिजे असं नाही. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात दहा दिवस बसलेल्यांना हे सांगावं लागत नाही.

तिसरा दिवस : राजगीर

बोधगया ते राजगीर सुमारे 75 किलोमीटर, अडीच तास. पहाटे निघालात तर नऊला गृध्रकूटाच्या पायथ्याशी पोहोचता.

इथली नेहमीची गफलत रोपवेची. लोक रोपवेने रत्नगिरीवर जातात, 1969 चा पांढरा विश्वशांती स्तूप बघतात, त्याच वाटेने उतरतात आणि गृध्रकूट झालं असं समजतात. गृध्रकूट तिथून खाली, वेगळ्या फाट्यावर आहे. रोपवेने वर जावं, स्तूप बघावा आणि पायी उतरताना फाट्यावरून गृध्रकूटाकडे वळावं. गुडघ्यांना हेच सोयीचं. रोपवे दुरुस्तीसाठी बंद असेल तर मगधाचा राजा बिंबिसार याने बांधली असं मानतात त्या फरसबंद वाटेने अर्ध्या तासाची चढण आहे, फार दमवणारी नाही. माकडं पिशव्या ओढतात, म्हणून हातात खाद्य नको.

माथ्यावर विटांच्या एका लहान खोलीचा पाया शिल्लक आहे, आणि वाटेवरच्या गुहा आनंद आणि सारिपुत्त यांच्या म्हणून दाखवतात. बुद्धांच्या शेवटच्या प्रवासाची गोष्ट याच माथ्यावर सुरू होते. मगधाचा पुढचा राजा अजातशत्रू वैशालीच्या वज्जी गणराज्यावर चाल करून जाणार होता. त्याने आपला मंत्री वस्सकार याला बुद्धांचं मत विचारायला पाठवलं. बुद्धांनी त्याला थेट उत्तर दिलं नाही. आनंदाला सात प्रश्न विचारले: वज्जी वरचेवर एकत्र जमतात का, एकोप्याने जमतात-उठतात का, ठरलेले नियम पाळतात का, वडीलधाऱ्यांचं ऐकतात का, कुलस्त्रियांवर जबरदस्ती करत नाहीत ना, आपल्या चैत्यांचा मान ठेवतात का, अर्हंतांना रक्षण देतात का. जोवर हे आहे तोवर त्यांची वाढच होईल, ऱ्हास नाही. वस्सकार गेल्यावर बुद्धांनी भिक्खूंना बोलावून याच धर्तीवर संघाचे सात नियम सांगितले. गणराज्याची घटना आणि संघाचा विनय एका साच्यातले आहेत, हे याहून स्पष्टपणे दुसरीकडे कुठे सांगितलेलं नाही.

खाली उतरल्यावर जीवकाच्या आम्रवनाचे पाये लागतात. लांबट, दोन्ही टोकांना गोलाई असलेले हे दालनांचे पाये नेहमीच्या चौकोनी विहारांहून निराळे आहेत. सामञ्ञफल सुत्त इथलं: पौर्णिमेच्या रात्री अजातशत्रू इथे आला, साडेबाराशे भिक्खू बसलेत असं सांगितलेलं असूनही खोकल्याचा आवाज नाही, म्हणून दगा झाल्याच्या शंकेने घाबरला. दुपारी वेणुवन, बिंबिसाराने दिलेली बाग. संघाला मिळालेली ही पहिली वसती. सप्तपर्णी गुहेला वेळ द्यायचा तर गरम पाण्याच्या कुंडांमागून तासभर चढावं लागतं. पहिली संगीती, म्हणजे बुद्धवचन जमवण्यासाठी भरलेली भिक्खूंची सभा, तिथे झाली असं मानतात. वर मोकळा कडा आणि उथळ गुहा एवढंच आहे. गुडघे दुखत असतील तर सोडून द्यावी.

चौथा दिवस : नालंदा, पाटणा, वैशाली

नालंदा राजगीरहून बारा-तेरा किलोमीटर. अवशेषांना दोन तास, संग्रहालयाला एक. महाविहार पाचव्या शतकातला, कुमारगुप्ताच्या काळापासूनचा. बुद्धांच्या वेळी हे फक्त एक संपन्न गाव होतं, एवढं ध्यानात ठेवलं की गाईडच्या गोष्टी गाळून घेता येतात. तिसऱ्या क्रमांकाच्या स्तूपाचे सात थर एकावर एक चढलेले दिसतात. कोपऱ्यातला चुन्यातल्या मूर्तींचा मनोरा पाचव्या टप्प्याचा. संग्रहालयात मातीच्या मुद्रा जवळून बघा. अंगठ्याएवढ्या गोळ्यावर बारीक अक्षरांत ‘ये धर्मा हेतुप्रभवा’ ही गाथा दाबलेली असते. राजगृहाच्या रस्त्यावर अस्सजी भिक्खूंनी सारिपुत्ताला ऐकवली ती हीच: कारणातून उपजणाऱ्या गोष्टींची कारणं तथागतांनी सांगितली, आणि त्यांचा निरोधही. बोधगयेतल्या बारा कड्यांचा हा एका श्लोकातला अर्क. नंतर तो स्तूपांच्या पोटात अस्थींच्या जागी ठेवला जाऊ लागला.

नालंदा ते पाटणा नव्वद किलोमीटर. बुद्ध आले तेव्हा हे पाटलीगाम होतं आणि वस्सकार इथे तटबंदी बांधत होता. हे मोठं नगर होईल, पण त्याला आग, पाणी आणि फूट ही तीन भयं राहतील, असं बुद्ध म्हणाले. ते ज्या दाराने बाहेर पडले त्याला गौतमद्वार आणि जिथे गंगा ओलांडली त्याला गौतमतीर्थ नाव पडलं. आज दोन्हींचा पत्ता लागत नाही. गंगेवरचा गांधी सेतू पावणेसहा किलोमीटरचा आहे. संध्याकाळी पाचनंतर तिथे गाडी अडकली की दोन तास गेलेच, म्हणून चारच्या आत पूल पार करावा. वैशालीत राहण्याच्या सोयी मोजक्या आहेत, त्या आधी ठरवून ठेवाव्यात.

पाचवा दिवस : वैशाली, केसरिया

कोल्हुआतला अशोकस्तंभ अजून उभा आहे, माथ्यावर एकटा सिंह, तोंड उत्तरेकडे. त्यावर अशोकाचा लेख नाही. शेजारी विटांचा स्तूप आणि तलाव, मागे विहारांचे पाये. तीन किलोमीटरवर पत्र्याच्या छपराखाली एक अगदी साधा स्तूप आहे. 1958 ते 1962 च्या उत्खननात इथे मूळचा मातीचा लहान स्तूप आणि त्यात दगडी करंडक सापडला. वैशालीच्या लिच्छवींना मिळालेला बुद्धांच्या अस्थींचा आठवा हिस्सा तो हाच, असं मानलं जातं. बाहेरून फार काही दिसत नाही, म्हणून बसमधले लोक पाच मिनिटांत परत येतात. मातीचा गाभा आणि त्याभोवती वेळोवेळी चढवलेली विटांची वाढ वेगळी ओळखता येते, ती बघावी.

वैशालीचं महत्त्व तीन घटनांनी आहे. कपिलवस्तूहून पायी चालत आलेल्या महाप्रजापतींना, बुद्धांना वाढवणाऱ्या मावशीला, इथे उपसंपदा (संघाची दीक्षा) मिळाली आणि भिक्खुणीसंघ सुरू झाला. महापरिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी दुसरी संगीती इथेच भरली. वादाचे दहा मुद्दे होते, त्यात शिंगात मीठ साठवण्यापासून सोनं-रुपं स्वीकारण्यापर्यंत सगळं होतं. तिसरी घटना शेवटच्या वर्षावासाची, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाची. जवळच्या बेळुव गावात बुद्ध फार आजारी पडले. बरे झाल्यावर आनंद म्हणाला, संघाविषयी काही सांगितल्याशिवाय तुम्ही जाणार नाही असं वाटून धीर आला. बुद्धांचं उत्तर असं: मी आत एक, बाहेर एक असा भेद न करता धम्म सांगितला आहे, आचार्याची झाकली मूठ माझ्याकडे नाही. मी ऐंशी वर्षांचा झालो, जुनी गाडी वाद्या बांधून चालवावी तसं हे शरीर चाललं आहे. ‘अत्तदीपा विहरथ’ हे वाक्य याच्या पुढचं. आपल्याकडे ते भिंतीवर सुटं लिहिलेलं असतं; वारस नेमायला दिलेला नकार म्हणून ते कोल्हुआत वाचलं की त्याची धार कळते. रतनसुत्ताचा प्रसंगही परंपरेने वैशालीतल्या रोगराईचा. परित्राणपाठात ते म्हणणाऱ्यांनी ते इथे म्हणायला हरकत नाही.

दुपारी केसरिया. इथला स्तूप शंभर फुटांहून उंच आहे. 1998 पासूनच्या उत्खननात त्याची एक बाजू मोकळी झाली, दुसरी अजून मातीखाली आहे. गोलाकार मजल्यांच्या कोनाड्यांत बसलेल्या बुद्धमूर्ती आहेत, बहुतेकांची डोकी गेलेली. निरोप द्यायला मागोमाग आलेल्या लिच्छवींना बुद्धांनी इथे आपलं भिक्षापात्र देऊन परत पाठवलं, अशी आख्यायिका. कालामसुत्त इथेच सांगितलं असं बरेच जण ठासून सांगतात, ते मात्र जपून घ्यावं. सुत्तात कालामांचं केसपुत्त कोसल देशात आहे, आणि हा मुलूख वज्जींचा.

केसरियाहून गोपालगंजमार्गे कुशीनगरला साडेतीन तास धरावेत. अंधार पडल्यावर उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्यांच्या चालतात.

सहावा दिवस : कुशीनगर

महापरिनिर्वाण विहार सकाळी सहाला गाठावा. आठनंतर परदेशी गट चीवर अर्पण करायला रांग लावतात आणि मूर्ती गळ्यापर्यंत झाकली जाते. 6.1 मीटर लांबीची तांबड्या वालुकाश्माची ही मूर्ती पाचव्या शतकातली. दाता हरिबल, शिल्पी मथुरेचा दिन्न. पुरातत्त्वज्ञ कार्लाइल याने 1876 मध्ये ती शोधली तेव्हा तिचे तुकडे झालेले होते, ते त्याने सांधले. उजव्या कुशीवर, डोकं उत्तरेला, तोंड पश्चिमेला. डोक्याशी, मध्ये आणि पायाशी उभं राहिलं की चेहऱ्याचा भाव बदलतो असं गाईड दाखवतात. प्रकाश तिरपा असेल तर खरंच तसं जाणवतं.

सगळे चेहरा बघतात. नजर खाली, चौथऱ्याच्या पश्चिम अंगाकडे न्यावी. तिथे तीन लहान मूर्ती कोरल्या आहेत. एका टोकाला केस सोडून शोक करणारी स्त्री, दुसऱ्या टोकाला हातावर डोकं टेकून बसलेली खिन्न आकृती, आणि मधोमध आपल्याकडे पाठ करून ध्यानाला बसलेला भिक्खू. तो सुभद्र मानतात, शेवटच्या रात्री आलेला परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी. आनंदाने त्याला तीनदा अडवलं, बुद्धांनी आत बोलावलं. दुसऱ्या आचार्यांपैकी कोणाला खरं कळलं आहे, हा त्याचा प्रश्न बुद्धांनी बाजूला ठेवला: ज्या शिकवणीत आर्य अष्टांगिक मार्ग आहे तिथे खरे श्रमण सापडतील, बाकी सोड. शेवटचे शब्द त्यानंतर थोड्या वेळाने आले: ‘वयधम्मा सङ्खारा, अप्पमादेन सम्पादेथ.’ संस्कार नाश पावणारे आहेत, न चुकता जागे राहून साध्य करा.

दीड किलोमीटर पूर्वेला रामाभार स्तूप, दहनाची जागा. अस्थींवरून सात दावेदार आणि कुशीनाऱ्याचे मल्ल लढाईच्या बेतात आले, तेव्हा द्रोण ब्राह्मणाने आठ वाटे केले.

मराठी यात्रेकरूने इथे बर्मी विहार चुकवू नये. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्रिशरण-पंचशील देणारे भदंत चंद्रमणी महास्थवीर कुशीनगरचेच रहिवासी होते. त्या वेळचे भारतातले सर्वांत ज्येष्ठ भिक्खू म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्यांची समाधी इथे आहे.

दुपारी सोनौलीकडे निघावं. सीमेवर भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. नुसतं आधार पंधरा वर्षांखालच्या आणि पासष्टवरच्यांनाच चालतं. गाडीचा भन्सार (नेपाळचं सीमाशुल्क) दिवसांच्या हिशोबाने भरावा लागतो. गाडीची मूळ कागदपत्रं नसली की गाडी अलीकडेच राहते, म्हणून भाड्याची गाडी ठरवतानाच हे बोलून घ्यावं. एका भारतीय रुपयाला 1.60 नेपाळी रुपये मिळतात. शंभराच्या नोटा बिनबोभाट चालतात. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे.

सातवा दिवस : लुंबिनी, तिलौराकोट

मायादेवी मंदिरात चप्पल आणि फोटो दोन्हींना मनाई. आत लाकडी फलाटावरून विटांच्या जुन्या थरांभोवती फिरायचं आणि काचेखालचा दगड बघायचा. 1996 मध्ये तो जन्मस्थानाची खूण म्हणून जाहीर झाला. बाहेरचा अशोकस्तंभ अधिक बोलका आहे. लेख ब्राह्मीत, पाच ओळींचा. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी राजा स्वतः आला, ‘हिद बुधे जाते सक्यमुनी’ म्हणजे शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले, म्हणून लुंबिनी गावाचा बली नावाचा कर माफ आणि पिकातला राजाचा भाग आठवाच. जन्मस्थळाचा हा सर्वांत जुना पुरावा सारामाफीच्या हुकमात लिहिला गेला आहे.

बाकीचं उद्यान केंझो टांगे यांनी आखलेलं, एक मैल रुंद आणि तीन मैल लांब. कालव्याच्या पूर्वेला थेरवादी विहार, पश्चिमेला महायानी. पायी फिरण्याचा उत्साह पहिल्या विहारापर्यंत टिकतो. सायकल किंवा ई-रिक्षा घ्यावी.

पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर तिलौराकोट, नेपाळच्या मते कपिलवस्तू. गाईड इथल्या पूर्व दरवाजावर महाभिनिष्क्रमणाची, म्हणजे गृहत्यागाची, कथा सांगतात: मध्यरात्र, झोपलेली यशोधरा, कंथक घोडा. अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतः सांगतात ते निराळं आहे: आईवडील अश्रू ढाळत असताना, त्यांची इच्छा नसताना, केस-दाढी काढून मी घर सोडलं. म्हणजे घरच्यांना ठाऊक होतं. गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांनी याच धाग्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यातलं रोहिणीच्या पाण्याचं भांडण गृहत्यागामागे असल्याची मांडणी केली, आणि बाबासाहेबांनीही गृहत्यागाचं कारण तिथेच शोधलं. रोहिणी लुंबिनीच्या पूर्वेला आजही वाहते, आणि तिच्या पाण्यावर आजही भातशेती होते.

आठवा दिवस : पिप्रहवा, श्रावस्ती

सीमा ओलांडून सिद्धार्थनगर जिल्ह्यातल्या पिप्रहव्याला अडीच-तीन तास. भारताच्या बाजूचं कपिलवस्तू हे. 1898 मध्ये पेप्पे या जमीनदाराने स्तूप खणला. शाक्यांचा लेख असलेला करंडक मिळाला. त्यातले काही दागिने परदेशात लिलावाला निघाले होते, ते 2025 मध्ये भारतात परत आले. जागेवर स्तूप आणि विहारांचे पाये आहेत, पाऊण तास पुरतो.

पुढे चार-साडेचार तासांनी श्रावस्ती. मुक्काम तिथे किंवा बलरामपूरला.

नववा दिवस : जेतवन आणि लांबचा रस्ता

‘एवं मे सुतं. एकं समयं भगवा सावत्थियं विहरति जेतवने अनाथपिण्डिकस्स आरामे.’ वंदनेत मंगलसुत्त ऐकलेल्या कुणालाही ही ओळ तोंडपाठ असते. तो आराम, म्हणजे बागेतला विहार, तो हाच. परंपरेच्या हिशोबाने बुद्धांचे पंचवीस वर्षावास या नगरीत झाले, एकोणीस जेतवनात आणि सहा विशाखा या उपासिकेच्या पूर्वारामात. सुत्तांचा एवढा मोठा वाटा श्रावस्तीचा का, याचं उत्तर या आकड्यात आहे.

बुद्ध राहत त्या गंधकुटीचा चौथरा, कोसंबकुटी, आनंदबोधी पिंपळ. फिरायला दोन तास. ही जागा जेतवनच हे केवळ अंदाजावर ठरलेलं नाही: गाहडवाल राजा गोविंदचंद्राचा बाराव्या शतकातला ताम्रपट इथेच सापडला, त्यात जेतवनातल्या संघाला गावं दान दिल्याची नोंद आहे. रस्त्यापलीकडे जुन्या नगरात पक्की कुटी अंगुलिमालाची आणि कच्ची कुटी सुदत्ताची, म्हणजे अनाथपिंडिकाची, म्हणून दाखवतात. पक्क्या कुटीचं बोगद्यासारखं दार बघून ती त्याची गुहा, असं काही जण सांगतात. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून उत्खननानंतर केलेला तो निचरा आहे.

करणीयमेत्त सुत्त वाचायला गंधकुटीजवळची चिंचेची सावली चांगली. अकराच्या आत निघावं. गोंडा, अयोध्या, सुलतानपूर, जौनपूर करत वाराणसी आठ ते नऊ तास. या मार्गातला हा सगळ्यांत कंटाळवाणा टप्पा.

दहावा दिवस : सारनाथ

शहरातून येताना आधी चौखंडी स्तूप लागतो. वरचा अष्टकोनी मनोरा तोडरमलाच्या मुलाने 1588 मध्ये हुमायूनच्या आठवणीसाठी बांधला. खालचं विटांचं ढिगार गुप्तकाळातलं. पाचही सोबत्यांनी बुद्धांना लांबून येताना पाहिलं ते इथे. उठून उभं राहायचं नाही असं ठरवलं होतं. ते जवळ येताच एकाने पात्र घेतलं, एकाने आसन मांडलं.

उद्यानात धमेक स्तूप सगळ्यांना दिसतो. धर्मराजिका स्तूपाचं मात्र फक्त वर्तुळ उरलं आहे. 1794 मध्ये काशीच्या जगतसिंहाने विटांसाठी तो पाडला. आतल्या हिरवट संगमरवरी पेटीतल्या अस्थी गंगेत सोडल्या गेल्या. अशोकस्तंभाचा बुंधा जाळीत आहे. त्यावर संघात फूट पाडणाऱ्याला पांढरे कपडे घालून बाहेर काढावं, असा हुकूम आहे. सिंहशीर्ष शेजारच्या संग्रहालयात, 1904-05 च्या उत्खननातलं.

धम्मचक्कप्पवत्तन सुत्त इथे वाचावं, पण यादी म्हणून नव्हे. चार सत्यांपैकी प्रत्येकाला एक काम जोडलेलं आहे, आणि तेच बहुधा वगळलं जातं. दुःख पूर्ण जाणायचं. त्याचं मूळ, तृष्णा, सोडायचं. निरोध प्रत्यक्ष अनुभवायचा. मार्ग वाढवायचा. सत्य काय, करायचं काय आणि ते झालं का, असे प्रत्येकी तीन फेरे. म्हणून बारा आकार. दुःख सोडायला धावणारा पहिल्याच पायरीवर चुकतो, कारण सोडायची ती तृष्णा. दुःख समजून घ्यायचं असतं. ‘सगळं दुःखच आहे, असं बौद्ध म्हणतात’ हा आक्षेपही इथेच सुटतो. सुत्तात जन्म, जरा, मरण, अप्रियाचा संयोग, प्रियाचा वियोग अशी मोजून यादी आहे, आणि शेवटी ‘थोडक्यात, पाच उपादानस्कंध’, म्हणजे शरीर-मनाचे ज्यांना आपण ‘मी’ म्हणून धरून बसतो ते पाच समूह.

मार्गाची आठ अंगं शील, समाधी, प्रज्ञा अशी लावून वाचली की सोपी जातात. वाचा, कर्म, आजीविका हे शील. व्यायाम, स्मृती, समाधी ही समाधी. दृष्टी आणि संकल्प ही प्रज्ञा. सुत्तात मात्र प्रज्ञा पहिली येते. दिशा कळल्याशिवाय चालणार कुठे?

ऐकणाऱ्या पाचांपैकी कोंडञ्ञाला त्याच वेळी उमगलं: जे उपजतं ते सगळं थांबणारं आहे. बाकी चौघांना पुढच्या काही दिवसांत, दोन-तीन जण भिक्षेला जाऊन सगळ्यांचं जेवण आणत असताना. मग यश आला, त्याचे मित्र आले, आणि साठ अर्हंत झाल्यावर ‘बहुजनहिताय’ चारिकेला पाठवताना बुद्धांनी सांगितलं की एका वाटेने दोघं जाऊ नका.

मूलगंधकुटी विहार 1931 चा. भिंतींवरची चित्रं जपानी चित्रकार कोसेत्सु नोसु यांची. डावीकडून क्रमाने बघत गेलं की दहा दिवसांतल्या सगळ्या जागा पुन्हा ओळखता येतात. तिथून वाराणसी कँट स्टेशन दहा किलोमीटर, पण संध्याकाळच्या गर्दीत दीड तास हाताशी ठेवावा. मुंबईसाठी महानगरी आणि कामायनी या रोजच्या गाड्या आहेत.